कुलपातला उलटा कोट

१

मास्तरांनी कव्हरची चेन खाली ओढली, आतला कोट बाहेर काढला आणि बाह्या ओढून तो सुलटा केला. मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो शिलाईच्या धंद्यात सहसा ऐकू येत नाही.

हा क्षण त्यांनी आठवडाभर बेतून ठेवला होता. सगळ्यांना अंगणात जमवलं होतं, शिलाई मशिनं बंद करायला लावली होती, घसासुद्धा खाकरून झाला होता. कातरणीच्या तुकड्यांतून शिवलेला हा नमुन्याचा कोट त्यांनी एका माणसाशिवाय कुणाच्या नजरेला पडू दिला नव्हता. रंगाऱ्यानं कापड रंगवून दिलं, त्याला दाखवला नाही. मागावर बसणाऱ्या वहिनींनी गळ्याची पट्टी विणून दिली, त्यांना दाखवला नाही. आत्याकडून नारळाच्या करवंटीची बटणं मागून नेली आणि "कशाला लावणार ते तरी सांगा" म्हटल्यावर "कळेल वेळेवर" असं उत्तर दिलं. आत्या त्या दिवसापासून फुगलेलीच होती.

आणि आता मास्तरांच्या हातात होता एक तपकिरी, मळखाऊ कोट. कोपरं फाटलेली, एक खिसा लोंबलेला, बटण एकही नाही. कुठल्याशा कचेरीच्या पहारेकऱ्यानं बरीच वर्षं वापरून टाकून दिलेला.

"वा!" रंगारी मनापासून म्हणाला. "म्हणजे इतके दिवस लपवून ठेवला होता तो हाच?"

मास्तरांचा तिळपापड झाला. पण आत्याचं लक्ष मास्तरांकडे नव्हतंच. ती आपल्या भाचीकडे बघत होती. भाचीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

भाची म्हणजे या अंगणाची सल्लागार, आणि मास्तरांनी कोट दाखवला होता तो फक्त तिला. एका मोठ्या गिरणीतली चांगली नोकरी सोडून ती वर्षापूर्वी इथं आली, आणि अंगणातल्या तीन छोट्या कारखान्यांच्या मागे हात धुऊन लागली. कातरण जाळू नका. रंगाचं पाणी एकदाच वापरून गटारात सोडू नका. जुने कपडे घ्या, उसवा, त्यातून नवे करा. पहिले काही महिने लोकांनी तिला चहा पाजून वाटेला लावलं. मग हळूहळू टोपल्या आल्या: पांढऱ्याची एक, रंगीताची एक, लोकरीची एक. अंगणाच्या मधोमध पत्र्याखाली उसवणीचं टेबल आलं. पण मास्तरांनी सगळ्यांसमक्ष सांगून टाकलं होतं, "ताई, हे सगळं ठीक आहे. पण त्या मोठ्या दुकानाची खरेदीदार बाई येऊन कोटाची ऑर्डर देऊन गेली तर ठीक. नाहीतर दुसऱ्या दिवशी तुमच्या टोपल्या उचलायच्या." मास्तर म्हणतील ते बाकीचे करणार हे ठरलेलं होतं.

खरेदीदार बाई आज दुपारी येणार होत्या.

"पोलिसांना बोलवा," मास्तर गरजले.

"आणि काय सांगणार त्यांना?" आत्या पुढे झाली. "चोरानं कोट नेला आणि बदल्यात कोट दिला म्हणून? कुणी जागचं हलू नका. मी बघते."

२

आत्याचं अस्तर-बटणांचं दुकान फाटकाच्या तोंडाशी होतं. अंगणात येणाऱ्या प्रत्येकाला तिच्या नजरेखालून जावं लागे, आणि ती नजर बटणाची चारांपैकी तीन भोकं सारखी आणि चौथं किंचित तिरकं असलं तरी पकडणारी होती. लोकांच्या भानगडीत नाक खुपसायची तिला हौसही होती. ती हौस पहिल्यांदाच उपयोगी पडणार होती.

कोट रात्री मास्तरांच्या खोलीत होता. तिनं आधी त्या खोलीचं कुलूप पाहिलं. शाबूत. खिडकीचे गज शाबूत. खोलीला दुसरी वाट नाही.

"किल्ली कुणाकडे होती?"

"ताईंकडे," मास्तर म्हणाले. "संध्याकाळी मला लवकर निघायचं होतं. त्यांनीच कोट कव्हरात घातला आणि कुलूप लावलं."

"आणि सकाळी मीच उघडलं," भाची म्हणाली. "आत्या, रात्रभर किल्ली माझ्या उशाशी होती."

म्हणजे बंद खोलीतून कोट बदलला. आत्याला आतून गुदगुल्या झाल्या, पण भाचीचा चेहरा पाहून तिनं स्वतःला आवरलं.

पहिला संशय चिंधीवाल्यावर जाणं साहजिक होतं. पूर्वी अंगणातली सगळी कातरण तो पोती भरभरून न्यायचा. टोपल्या आल्यापासून त्याच्या वाट्याला मिश्र धाग्याचे, कशातच न बसणारे तुकडे तेवढे उरले होते. त्यानं एकदा फाटकात उभं राहून "तुमचा नवा कोट म्हणजे माझ्याच चिंध्या!" असंही ऐकवलं होतं. आणि तो या घटकेला फाटकात उभा होता. हातात फुगलेलं पोतं होतं.

मास्तरांनी पोतं हिसकावून जमिनीवर उपडं केलं. बाहेर पडले ते नायलॉनचे तुकडे, इलास्टिकच्या गुंडाळ्या आणि एक तुटका हँगर.

"झालं समाधान?" चिंधीवाला म्हणाला. "मला तुमचा कोट चोरायचा असता तर मी त्याच्या जागी दुसरा कशाला ठेवला असता? तो पण नेला असता. मी धंदेवाईक माणूस आहे."

आत्याला हे पटलं. "काल आला होतास तू?"

"संध्याकाळी. तुमच्याकडे चहाचे कप वाजत होते, मास्तर तिथंच होते. टेबलापाशी कुणी नव्हतं. म्हटलं काही मिळतंय का बघू. पण टेबलावर दोन कोट होते, दोन्ही तुमच्या कामाचे, म्हणून हात न लावता गेलो."

मास्तर पोतं परत भरून देत होते, त्यामुळे त्यांनी हे नीट ऐकलंच नाही. आत्यानं मात्र ऐकलं.

ती रंगाऱ्याकडे वळली. त्याचं आणि मास्तरांचं महिनाभर बिनसलेलं होतं. मास्तरांनी त्याच्या निळ्या रंगाला चारचौघांत मळकट म्हटलं होतं. एकदा वापरलेल्या रंगाच्या पाण्यातच पुन्हा कापड बुडवून काढलेला तो निळा, आणि रंगाऱ्याचा त्याच्यावर पोटच्या पोरासारखा जीव.

"काल संध्याकाळी कुठे होतास?"

"कुठे असणार? उसवणीची पाळी होती माझी आणि वहिनींची. टेबलावर होतं ते उसवलं, ज्याचं त्याला दिलं, घरी गेलो."

"आणि मास्तरांवर राग?"

"आहे ना," रंगारी आनंदानं म्हणाला. "पण तो मी तोंडावर काढतो. कोटावर कशाला काढू?"

वहिनी एव्हाना मागावर परत जाऊन बसल्या होत्या, त्या उठल्याच नाहीत. फणी ठोकता ठोकता म्हणाल्या, "माझ्यावर संशय घेणार असाल तर घ्या, पण हात थांबवायला सांगू नका. बाई यायच्या आत ही सतरंजी संपवायचीय मला. मास्तरांचा कोट गेला तर निदान माझी सतरंजी तरी बघतील."

कोट पळवायला कारण तर अगदी ठणठणीत होतं. आत्यानं भुवई उंचावली.

३

दुकानात परत येऊन आत्या गल्ल्यामागच्या स्टुलावर बसली. समोर तो तपकिरी कोट पसरला होता.

पहिली गोष्ट. कोट कव्हरात उलटा होता. मास्तरांनी बाहेर काढल्यावर बाह्या ओढून तो सुलटा केला, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. फसवायचं म्हणून ठेवलेला कोट कुणी उलटा का ठेवेल?

दुसरी गोष्ट. मास्तरांना त्याचं नवल वाटलं नव्हतं. म्हणजे त्यांचा कोटही उलटाच असणार होता.

तिसरी गोष्ट होती अस्तर. तिनं ते चिमटीत धरून चोळलं. राखाडी, गुळगुळीत, जुनं पण अजून दणकट. हे अस्तर तिच्या दुकानातलं नव्हतं. मास्तर नवा कोट शिवतात आणि अस्तर मागायला तिच्याकडे येत नाहीत, असं गेल्या कितीतरी वर्षांत झालं नव्हतं. या वेळी मात्र त्यांनी फक्त बटणं नेली होती. मग नव्या कोटाला अस्तर लावलं कुठलं?

तेवढ्यात शेजारच्या गल्लीतली एक बाई शर्टाचं बटण मागायला आली. साधं, पांढरं, जुनं चालेल. उसवलेल्या कपड्यांची बटणं संध्याकाळी पाळीवाले आत्याच्या दाराशी ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकून जात. गडबडीत आज तिनं डबा उघडलाच नव्हता. तिनं झाकण काढलं, आत हात घातला आणि पांढऱ्या बटणाऐवजी तिच्या बोटांना काहीतरी खरखरीत लागलं.

करवंटीची बटणं. पाचही. मागच्या बाजूला मास्तरांचा पक्का फुलीचा दोरा तसाच अडकलेला.

"काकू, मिळालं का बटण?" बाईनं विचारलं.

"मिळालं हो," आत्या म्हणाली. "पण भलतंच मिळालं."

कोणता चोर चोरलेल्या मालाची बटणं काढून इमानेइतबारे परत आणून देतो? कोट अंगणाबाहेर गेलाच नव्हता. अंगणानंच त्याला खाल्लं होतं. आणि तो टेबलावर कुणी पोचवला, हेही आत्याच्या ध्यानात आलं. तिला आपल्या हुशारीचा मुळीच आनंद झाला नाही. कुलूप शाबूत होतं. म्हणजे अदलाबदल कुलूप लागण्याआधी झाली होती. आणि कोट कव्हरात घालणारं माणूस एकच होतं.

४

"सगळे टेबलापाशी या," आत्यानं हाक दिली. आवाज नेहमीपेक्षा खाली होता. तिनं पाच बटणं टेबलावर मांडली. मास्तरांनी आपल्या कोटाची बटणं ओळखली.

"मास्तर, खरं सांगा. कोटाला अस्तर कुठलं लावलंत?"

"पहारेकऱ्यांच्या जुन्या कोटांचा गठ्ठा आला होता ना, त्यातलंच. कोट गेलेले, पण अस्तर चांगलं होतं." मास्तर जरा ओशाळले. "ताईच म्हणाल्या होत्या, नवं काही घालायचं नाही."

"म्हणजे तुमचा कोट आणि त्या गठ्ठ्यातला कुठलाही कोट, दोन्ही उलटे केले तर?"

"तर... दोन्ही सारखेच दिसतील."

"उसवायचे कपडे टेबलावर आपण उलटे करूनच ठेवतो, शिवण दिसायला. आणि तुम्ही इस्त्री कशी करता?"

"उलट्या बाजूनं. सुलट्या बाजूनं केली तर कापड चकाकतं. आणि गरम कोट लगेच टांगायचा नसतो, खांदे लोंबतात. माझ्या टेबलावर कापडं पसरली होती, म्हणून इथं गार करायला ठेवला. दोनच मिनिटं! पण तुम्ही हाक मारलीत. चहाला या, नाहीतर ओतून देते म्हणालात."

"म्हणाले होते," आत्यानं कबूल केलं. "राग काढायचा होता तुमच्यावर. तेव्हा गुन्हेगारांत मला पण धरा."

"मग मी ताईंना म्हटलं, गार झाला की कव्हरात घाला, उलटाच राहू दे, सकाळी मीच सुलटा करीन..."

आता पुढचं बोलायचं आत्याच्या जिवावर आलं होतं. या पोरीला तिनं कडेवर खेळवलं होतं. वर्षभर रोज संध्याकाळी दमून येऊन ती याच दुकानाच्या पायरीवर बसायची आणि म्हणायची, आत्या, हे लोक माझं मन राखायला करतात गं, मी पाठ फिरवली की सगळं पूर्वीसारखं.

पण आत्याला बोलावं लागलं नाही.

"टेबलावर दोन कोट होते," भाची हळूच म्हणाली. "मी हाताला आला तो उचलला. हिरवा दोरा असता तर कळलं असतं. पण दोरा मीच काढला होता, दुपारी फोटो घेताना. गळ्याशी वाईट दिसत होता. परत बांधायचा राहिला."

कॉलरीला हिरवा दोरा म्हणजे विकायचा, लाल म्हणजे दुरुस्तीला, आणि दोरा नाही म्हणजे उसवायला. हा नियम तिचाच होता. अंगणातल्या प्रत्येकाकडून तिनं तो घोकून घेतला होता.

"अरे देवा," रंगाऱ्यानं कपाळाला हात लावला. सगळ्या कपाळावर निळी बोटं उमटली. "म्हणजे काल मी उसवला तो..."

"तुझा निळा तुला ओळखता आला नाही?" मास्तर ओरडले.

"आला की! मला वाटलं, हा माझाच निळा. मग म्हटलं, मास्तर म्हणतात माझा निळा मळकट आहे. हा तर सुरेख आहे. म्हणजे माझा नसणार!"

पहिल्यांदा फिसकन हसल्या त्या वहिनी. मग त्यांनाच काहीतरी आठवलं आणि त्यांचं हसू जागीच विरलं. त्या धावत मागाकडे गेल्या. सतरंजीच्या शेवटच्या वीतभर भागात राखाडी, गुळगुळीत पट्ट्या चकाकत होत्या.

"अस्तर," त्या म्हणाल्या. "फाडून विणलं पण मी. अस्तर तेवढं ओढून घेतलं, गळ्याच्या पट्टीकडे बघितलंच नाही."

बाकीचा कोट सापडला रंगाऱ्याच्या दोरीवर. पुढा, पाठ, बाह्या, सगळे भाग धुऊन, एकेक चिमटा लावून, वाऱ्यावर हलत होते. एकही काप नाही, एकही भोक नाही.

मास्तर पुढ्याची कड बोटानं चाचपून म्हणाले, "उसवलंय मात्र छान." आणि लगेच भानावर आले. "अस्तर आणा कुणीतरी! मी बसतो मशिनवर. बाईंना कळवा, जरा उशिरा या म्हणून..."

फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. बाई दुपारच्या ऐवजी सकाळीच आल्या होत्या.

५

खरेदीदार बाई उंच होत्या, सपाट चपला घालून आल्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर फार कोट पाहिल्याचा शीण होता.

"कोट बघू," त्या म्हणाल्या.

मास्तर म्हणाले, "जरा शेवटचा हात..." आत्या म्हणाली, "आधी चहा घ्या." रंगारी दोरीसमोर हात पसरून उभा राहिला. नेमकी भाचीच पुढे आली.

"कोट नाहीये," ती म्हणाली. "काल होता. माझ्या चुकीनं तो उसवला गेला. चूक मास्तरांची नाही, यांच्यापैकी कुणाचीच नाही. हवं तर आत्ता परत जा. पण आलाच आहात तर काय झालं ते बघून जा."

तिनं बाईंना दोरीपाशी नेलं. मग मागापाशी, मग आत्याच्या डब्यापाशी. सगळी हकीकत सांगितली, हिरव्या दोऱ्यासकट. मास्तर टोपल्यांकडे बघत होते आणि आत्या मास्तरांकडे.

बाईंनी दोरीवरची बाही काढून हातात घेतली. उलटसुलट करून पाहिली.

"लोक मला कोट दाखवतात आणि सांगतात, हा पुन्हा सुटा होतो," त्या म्हणाल्या. "मी म्हणते, करून दाखवा. मग कात्रीनं फाडतात." त्यांनी रंगाऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही हे माझ्यासाठी केलंत का? मी येणार म्हणून?"

"नाही हो. पाळी होती."

"कुणी बघायला होतं?"

"वहिनी होत्या. पण त्या बघत नाहीत, बोलतात."

"आणि नसतं केलं तर?"

रंगाऱ्याला प्रश्नच कळेना. "नसतं केलं तर काय करायचं? फेकायचं?"

हे त्यानं इतक्या खऱ्याखुऱ्या नवलानं विचारलं की आत्याला वर्षापूर्वीचा रंगारी आठवला. हाच माणूस भिंतीमागे कातरणीला काडी लावून हात शेकत बसायचा. तिनं भाचीकडे पाहिलं. भाचीनं तोंड फिरवलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. रडतेय म्हणून आत्या धावली, तर ती हसत होती. मग रडायलाही लागली. मग दोन्ही एकदम.

"माझं मन राखायला नाही गं करत ते," ती आत्याच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली. "मी इथं नव्हते काल. मी घरी गेले होते!"

"हो गं बाई, हो," आत्या म्हणाली आणि पदरानं आधी तिचे आणि मग आपले डोळे पुसले.

बाई मास्तरांकडे वळल्या. "समजा, मी ऑर्डर नाही दिली. मग या टोपल्यांचं काय करणार?"

मास्तर आपला शब्द न फिरवणारे म्हणून प्रसिद्ध होते आणि ते त्यांना स्वतःलाही ठाऊक होतं. त्यांनी टोपल्यांकडे पाहिलं, रंगाऱ्याच्या निळ्या कपाळाकडे पाहिलं, दोरीवरच्या आपल्या कोटाकडे पाहिलं.

"तुमची ऑर्डर तुमच्यापाशी," ते म्हणाले. "टोपल्या कशाला हलतील? त्यांच्यावाचून आता कामच सुचत नाही." आणि मग, अवघड शिवण एकदाची उरकावी तसं घाईघाईनं, "आणि निळा चांगला आहे याचा. मी उगाच बोललो होतो."

रंगारी पत्र्याला डोकं लागेल एवढी उडी मारून खाली आला.

"मग शिवा," बाई म्हणाल्या आणि उसवणीच्या टेबलाजवळचं स्टूल ओढून बसल्या. "माझ्याच मापाचा शिवा. मी थांबते. यंदाच्या हिवाळ्याचे सगळे कोट तुमच्याकडूनच घेणार आहे, तेव्हा पहिला मी घालून जाते. आणि जुना झाला की उसवायला मी इथंच आणून देणार."

मास्तरांना लपवायला आता जागाच उरली नव्हती. मशीन अंगणात आणलं गेलं. भाची गठ्ठ्यातून अस्तर काढून आणायला पळाली, वहिनी मशिनशेजारी उभ्या राहून सल्ले द्यायला लागल्या, आणि गोंधळ ऐकून परत आलेल्या चिंधीवाल्यालाही कुणीतरी टेपचं एक टोक धरायला लावलं. आत्या बटणं घेऊन बसली होती आणि मास्तरांची प्रत्येक शिवण वाकून बघत होती. त्या दिवशी अंगणात कुणीच वेळेवर जेवलं नाही.